पाच जिल्ह्यांचे विद्यापीठ आणि यवतमाळचा विद्यार्थी

स्थापना आणि कार्यक्षेत्र

अमरावती विद्यापीठाची स्थापना १ मे १९८३ रोजी, महाराष्ट्र दिनी झाली. नागपूर विद्यापीठाच्या कार्यक्षेत्रातून अमरावती, अकोला, बुलढाणा आणि यवतमाळ हे पश्चिम विदर्भाचे चार जिल्हे वेगळे काढून नव्या विद्यापीठाकडे देण्यात आले. १ जुलै १९९८ रोजी अकोला जिल्ह्यातून वाशीम जिल्हा निघाला, तेव्हा भूभाग तेवढाच राहून जिल्ह्यांची संख्या पाच झाली. डॉ. के. जी. देशमुख हे विद्यापीठाचे पहिले कुलगुरू. २००५ मध्ये विद्यापीठाला संत गाडगे बाबांचे नाव देण्यात आले आणि ते संत गाडगे बाबा अमरावती विद्यापीठ झाले. अमरावतीत मार्डी मार्गावर सुमारे ४७० एकरांच्या परिसरात विद्यापीठाच्या प्रशासकीय इमारती, पदव्युत्तर विभाग आणि ग्रंथालय आहे.

या पाच जिल्ह्यांपैकी यवतमाळ हा विस्ताराने मोठा जिल्हा. त्याचे क्षेत्रफळ १३,५८२ चौरस किलोमीटर, तालुके १६ आणि २०११ च्या जनगणनेनुसार लोकसंख्या २७ लाख ७२ हजार. पूर्वेला वर्धा नदी, दक्षिणेला पैनगंगा आणि तिच्या पलीकडे काही भागात तेलंगणाची हद्द. जिल्ह्याचे ठिकाण अमरावतीपासून ९० किलोमीटरच्या आसपास आहे. पण दक्षिण टोकाच्या उमरखेडहून किंवा पूर्व टोकाच्या वणीहून विद्यापीठ गाठायचे तर अंतर दोनशे किलोमीटरच्या घरात जाते. वणीच्या विद्यार्थ्याला चंद्रपूर जवळ, उमरखेडच्या विद्यार्थ्याला नांदेड जवळ. पदवी मात्र दोघांनाही अमरावतीची मिळते.

विद्यापीठाशी जोडलेली बहुतेक महाविद्यालये अशाच तालुक्याच्या गावांतून विखुरलेली आहेत. पदवीचे बहुसंख्य विद्यार्थी विद्यापीठाच्या परिसरात नव्हे, या महाविद्यालयांत शिकतात. त्यांपैकी अनेकांना तीन वर्षांच्या शिक्षणात विद्यापीठाचे प्रवेशद्वार पाहण्याची वेळही येत नाही. म्हणून एवढे मोठे विद्यापीठ विद्यार्थ्याला आपले वाटू शकते का, हा प्रश्न यवतमाळ जिल्ह्यात केवळ तात्त्विक राहत नाही. त्याचे उत्तर विद्यापीठाच्या घडणीत आणि त्याच्या इतिहासात शोधावे लागते.

विद्यापीठापूर्वीचा काळ

विदर्भातील उच्च शिक्षणाचा प्रारंभ दूरच्या विद्यापीठांच्या छायेत झाला. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात नागपुरात हिस्लॉप आणि मॉरिस ही महाविद्यालये निघाली. त्यांचे विद्यार्थी परीक्षा देत ते आधी कलकत्ता विद्यापीठाची आणि पुढे अलाहाबाद विद्यापीठाची. शिकवणारा गुरू समोर आणि तपासणारा शेकडो कोसांवर, ही व्यवस्था या भागाच्या अंगवळणी तेव्हापासून पडली.

४ ऑगस्ट १९२३ रोजी नागपूर विद्यापीठ स्थापन झाले. त्या वेळी त्याच्याकडे सहा महाविद्यालये आणि ९२७ विद्यार्थी होते. सर बिपिनकृष्ण बोस हे पहिले कुलगुरू. एवढ्या लहान संस्थेत प्राध्यापक आणि विद्यार्थी यांची एकमेकांना ओळख असणे स्वाभाविक होते. त्याच वर्षी अमरावतीत किंग एडवर्ड कॉलेज सुरू झाले. पुढे ते विदर्भ महाविद्यालय म्हणून नावारूपाला आले. वऱ्हाडच्या, म्हणजे पश्चिम विदर्भाच्या, मुलांना पदवीपर्यंत शिकण्याची पहिली मोठी सोय घराजवळ झाली ती या महाविद्यालयामुळे.

यवतमाळच्या मुलांसाठी मात्र अमरावती आणि नागपूर ही दोन्ही गावे परगावच होती. विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या दशकांत मूर्तिजापूर ते यवतमाळ अशी अरुंद रुळांची रेल्वे धावू लागली होती. पुढे ती शकुंतला या नावाने ओळखली गेली. कापूस वाहून नेण्यासाठी किलिक निक्सन कंपनीने बांधलेल्या या मार्गाने माणसांचीही ने-आण केली. तरीही परगावी राहून शिकायचे म्हणजे खोलीचे भाडे, खानावळीचे पैसे आणि पुस्तकांचा खर्च आला. तो कास्तकाराच्या घराला सहज झेपणारा नव्हता. अमरावतीत पंजाबराव देशमुखांनी उभारलेले श्रद्धानंद छात्रालय आणि १९३२ मध्ये स्थापन केलेली श्री शिवाजी शिक्षण संस्था यांचे मोल या पार्श्वभूमीवर कळते. खेड्यातून आलेल्या मुलाला राहायला जागा आणि विचारपूस करणारे माणूस मिळाले, तरच तो शिक्षणात टिकतो, हे वऱ्हाडातल्या शिक्षणप्रसारकांना विद्यापीठ येण्याच्या कितीतरी आधी उमगले होते.

संलग्नतेची पद्धत

आजच्या विद्यापीठाचा आराखडा लंडनहून आला. १८३६ मध्ये लंडन विद्यापीठ स्थापन झाले ते शिकवण्यासाठी नव्हे, तर युनिव्हर्सिटी कॉलेज आणि किंग्ज कॉलेज यांच्या विद्यार्थ्यांची परीक्षा घेऊन पदव्या देण्यासाठी. १८५४ च्या वुड यांच्या खलित्याने हाच नमुना भारतासाठी सुचवला आणि १८५७ मध्ये कलकत्ता, मुंबई व मद्रास ही तीन विद्यापीठे त्यावर उभी राहिली. शिकवणे महाविद्यालयाकडे, अभ्यासक्रम, परीक्षा व पदवी विद्यापीठाकडे, अशी कामाची वाटणी ठरली. यातूनच संलग्न महाविद्यालय ही संस्था जन्माला आली.

या पद्धतीचा मोठा गुण असा की थोड्या पैशांत दूरवर शिक्षण पोहोचले. गावातल्या दानशूर मंडळींनी जागा दिली, संस्थेने इमारत बांधली, शासनाने अनुदान दिले आणि विद्यापीठाने मान्यता दिली, की तालुक्याच्या गावी महाविद्यालय उभे राहत असे. दोषही तितकाच मोठा. विद्यार्थ्याच्या आयुष्यावर परिणाम करणारे निर्णय घेणारी संस्था त्याला कधी दिसतच नाही.

हा दोष जाणकारांच्या ध्यानात लवकर आला होता. कलकत्ता विद्यापीठाचा विचार करण्यासाठी १९१७ मध्ये नेमलेल्या सॅडलर आयोगाने शिकवणाऱ्या आणि निवासी विद्यापीठांचा पुरस्कार केला. १९२१ मध्ये सुरू झालेल्या ढाका विद्यापीठात प्रत्येक विद्यार्थी एका ‘हॉल’शी, म्हणजे वसतिगृहवजा छोट्या समूहाशी जोडलेला असे. स्वातंत्र्यानंतर १९४८-४९ मध्ये राधाकृष्णन आयोगाने तर आकड्यांतच मर्यादा सांगितली. शिकवणाऱ्या विद्यापीठाच्या कला व विज्ञान शाखांत तीन हजारांहून अधिक आणि संलग्न महाविद्यालयात दीड हजारांहून अधिक विद्यार्थी नसावेत, अशी त्याची शिफारस होती. संख्या एका हद्दीपुढे गेली की शिक्षक आणि विद्यार्थी यांचा संबंध तुटतो, हे त्यामागचे कारण.

देशाची गरज मात्र वेगळी होती. शाळा वाढल्या, मॅट्रिक होणाऱ्यांची संख्या वाढली आणि पहिल्यांदाच शिकणाऱ्या घरांतली मुले महाविद्यालयांच्या दाराशी आली. त्यांना मर्यादेचे कारण सांगून परत पाठवणे अन्यायाचे ठरले असते. विद्यापीठे मोठी झाली ती या न्याय्य मागणीमुळे, ही गोष्ट त्यांच्या आकारावर बोट ठेवताना विसरता येत नाही.

यवतमाळ जिल्ह्यातील महाविद्यालये

यवतमाळ जिल्ह्यात पदवी शिक्षणाचा विस्तार प्रामुख्याने १९५० नंतरचा. यवतमाळ येथे विद्या प्रसारक मंडळाचे अमोलकचंद महाविद्यालय, पुसद येथे जनता शिक्षण प्रसारक मंडळाचे फुलसिंग नाईक महाविद्यालय आणि वणी येथे लोकमान्य टिळक महाविद्यालय ही जिल्ह्याच्या तीन दिशांची जुनी केंद्रे. त्यांच्यामुळे मध्य भागातील, दक्षिणेकडील आणि पूर्वेकडील मुलांना आपल्याच भागात पदवीपर्यंत शिकता येऊ लागले. पुसदजवळच्या गहुली गावचे वसंतराव नाईक १९६३ ते १९७५ या काळात राज्याचे मुख्यमंत्री होते. राज्यात कृषी विद्यापीठे स्थापन झाली ती त्यांच्याच कारकिर्दीत. अकोल्याचे पंजाबराव कृषी विद्यापीठ १९६९ मधले.

पुढे यवतमाळात बाबाजी दाते महाविद्यालय, लोकनायक बापूजी अणे महिला महाविद्यालय आणि सावित्री जोतीराव समाजकार्य महाविद्यालय, दारव्ह्यात मुंगसाजी महाराज महाविद्यालय, उमरखेडला गोपिकाबाई सीताराम गावंडे महाविद्यालय, पांढरकवड्यात शिवरामजी मोघे महाविद्यालय, नेरला नेहरू महाविद्यालय अशी मालिका तयार झाली. बापूजी अणे हे मूळचे वणीचे आणि वकिलीनिमित्त यवतमाळचे. त्यांच्या नावाचे महिला महाविद्यालय जिल्ह्याच्या ठिकाणी असणे उचितच. पुसदचे बाबासाहेब नाईक अभियांत्रिकी महाविद्यालय १९८३ मध्ये, म्हणजे विद्यापीठाच्या स्थापनेच्या वर्षीच सुरू झाले. यवतमाळचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय १९८९ मधले आणि जवाहरलाल दर्डा अभियांत्रिकी व तंत्रज्ञान संस्था १९९६ मधली.

या महाविद्यालयांत येणारा विद्यार्थी एका साच्याचा नाही. पुसद आणि दिग्रसच्या तांड्यांवरून येणारा विद्यार्थी घरी गोरमाटी बोलतो. झरी जामणी, मारेगाव, केळापूर या तालुक्यांतून गोंड, कोलाम, परधान समाजाची मुले येतात. कोलामांची वस्ती असलेल्या पोडावरून आलेली मुलगी घरी कोलामी, बाजारात वऱ्हाडी आणि वर्गात पुस्तकी मराठी अशा तीन भाषांतून वावरते. कापूस आणि सोयाबीनवर जगणाऱ्या घरांतली मुले तर सर्वत्र आहेत. दिवाळीच्या सुमारास वेचणीचा हंगाम भरात असतो, तेव्हा वर्गातली हजेरी उतरते. त्यामागचे कारण महाविद्यालयातल्या शिक्षकाला न सांगता कळते. अमरावतीच्या परीक्षा विभागाला ते कळण्याची सोय नाही. मोठ्या विद्यापीठात लहान महाविद्यालयाचे स्थान कोणते, याचे उत्तर या एवढ्या गोष्टीत आहे.

नामांकन क्रमांक ते पदवी

विद्यापीठाची आणि विद्यार्थ्याची गाठ कागदावर पडते. बारावीनंतर प्रवेश घेतला की महाविद्यालय त्याची नोंद विद्यापीठाकडे पाठवते आणि त्याला नामांकन क्रमांक मिळतो. प्रत्येक सत्रात परीक्षेचे आवेदनपत्र, मग प्रवेशपत्र, त्यावर बैठक क्रमांक, परीक्षेनंतर गुणपत्रिका. विषय राहिला तर एटीकेटी. गुण कमी वाटले तर उत्तरपत्रिकेची छायाप्रत आणि पुनर्मूल्यांकन. दुसऱ्या विद्यापीठात जायचे तर स्थलांतर प्रमाणपत्र. शेवटी दीक्षान्त समारंभ आणि पदवी.

या साखळीत सर्वांत जास्त वर्दळ असते ती महाविद्यालयाच्या कार्यालयातील परीक्षेच्या खिडकीवर. आवेदनपत्राच्या शेवटच्या दिवशी तेथे रांग लागते. कोणाच्या आईच्या नावात चूक असते, कोणाचा विषय संकेतांक चुकलेला असतो, कोणाचे शुल्क भरायचे राहिलेले असते कारण शिष्यवृत्ती खात्यात आलेली नसते. खिडकीपलीकडच्या लिपिकाला निम्म्या विद्यार्थ्यांची गावे ठाऊक असतात. अमुक मुलगा कोणत्या गाडीने येतो, ती गाडी आज आली का, हेही त्याला माहीत असते. तो अर्ज बाजूला ठेवतो आणि मुलगा येईपर्यंत थांबतो. हे थांबणे कोणत्याही परिनियमात लिहिलेले नाही. विद्यार्थ्याच्या लेखी विद्यापीठाचा चेहरा बहुधा हाच असतो.

साखळी तुटते ती निकाल राखून ठेवला जातो तेव्हा. संकेतस्थळावर गुणांच्या जागी निकाल रोखल्याची नोंद दिसते आणि कारण समजत नाही. अंतर्गत गुण पोहोचले नाहीत, नामांकनात तफावत आहे किंवा मागील सत्राची नोंद जुळत नाही, यांपैकी काहीही असू शकते. महाविद्यालयाकडून पत्र जाते, आठवडे जातात. पुढच्या प्रवेशाची मुदत संपत आली की विद्यार्थी स्वतःच निघतो. उमरखेडहून पहाटेची एस.टी. धरली, तरी महागाव, आर्णी, यवतमाळ, नेर करत अमरावतीला पोहोचेपर्यंत दुपार होते. खिडकीवर पहिला प्रश्न येतो तो बैठक क्रमांकाचा. काम झाले तर त्याच दिवशी परतीची गाडी, नाही झाले तर मुक्कामाची चिंता. या एका दिवसात दोन वेळचे भाडे आणि एक दिवसाची मजुरी जाते.

कायद्याने या गोष्टींचा विचार केलेला आहे. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ हा १ मार्च २०१७ पासून लागू झाला. परीक्षा संपल्यापासून तीस दिवसांत आणि फार तर पंचेचाळीस दिवसांत निकाल लागावा, अशी त्यात तरतूद आहे. विद्यार्थी विकास मंडळ, विद्यार्थी परिषद, तक्रार निवारणाची यंत्रणा, प्रत्येक महाविद्यालयात महाविद्यालय विकास समिती यांची रचनाही त्यात सांगितली आहे. प्रवेश, शुल्क आणि शिष्यवृत्तीचे व्यवहार आता ऑनलाइन होतात. गुणपत्रिका व पदव्या डिजिलॉकरवर मिळण्याची सोय झाली आहे. यामुळे अमरावतीच्या फेऱ्या कमी झाल्या. चुकीची दुरुस्ती मात्र अजून माणसाच्या हातूनच होते आणि त्या माणसापर्यंत पोहोचण्याचा रस्ता जितका लांब, तितके विद्यापीठ परके वाटते.

नावाने ओळखणारी माणसे

विद्यापीठाच्या योजनांपैकी काही योजना विद्यार्थ्याला गर्दीतून वेगळा काढतात. त्यांत राष्ट्रीय सेवा योजनेचे स्थान वरचे. महात्मा गांधींच्या जन्मशताब्दी वर्षात, २४ सप्टेंबर १९६९ रोजी, देशातील ३७ विद्यापीठांत सुमारे ४० हजार विद्यार्थ्यांसह ही योजना सुरू झाली. तिची आखणीच माणसाच्या मापाची आहे. शंभर स्वयंसेवकांचे एक पथक, त्याला एक कार्यक्रम अधिकारी, दोन वर्षांत २४० तासांचे काम आणि दत्तक गावात सात दिवसांचे विशेष शिबिर. शिबिराला पथकातील साधारण पन्नास विद्यार्थी जातात.

यवतमाळ जिल्ह्यातील महाविद्यालयांची अशी शिबिरे हिवाळ्यात भरतात. जिल्हा परिषद शाळेच्या खोल्यांत मुक्काम, पहाटे प्रार्थना आणि व्यायाम, नंतर श्रमदान. कोठे नालीचा उपसा, कोठे शोषखड्डे, कोठे वनराई बंधारा. दुपारी बौद्धिक सत्र, संध्याकाळी गावातून प्रबोधनफेरी, रात्री शाळेच्या पटांगणात सांस्कृतिक कार्यक्रम. भाजी चिरणारा गट, पाणी भरणारा गट, हिशेब ठेवणारा गट. वर्गात शेवटच्या बाकावर बसणारी मुलगी चुलीपुढे पन्नास जणांच्या पोळ्यांचा अंदाज अचूक सांगते आणि प्राध्यापकाला तिचे नाव कायमचे पाठ होते. सात दिवसांत जी ओळख होते, ती तीन वर्षांच्या व्याख्यानांत क्वचित होते. शिक्षक आणि विद्यार्थी यांनी एकाच पंगतीत बसून जेवावे, एवढे कारण त्याला पुरते.

युवा महोत्सवाचेही तसेच. नाट्य, संगीत, वक्तृत्व, रांगोळी अशा कलाप्रकारांत महाविद्यालयांचे संघ उतरतात. तेथून निवडलेले विद्यार्थी इंद्रधनुष्य या राज्यस्तरीय आंतरविद्यापीठ महोत्सवात विद्यापीठाचे नाव घेऊन जातात. क्रीडेसाठी अश्वमेध आणि संशोधनासाठी आविष्कार हे असेच राज्यस्तरीय मेळावे. विद्यापीठाचे नाव छातीवर घालून मैदानात उतरलेल्या विद्यार्थ्याला ते विद्यापीठ दूरचे वाटत नाही.

कर्मवीर भाऊराव पाटलांच्या कल्पनेतून आलेली कमवा व शिका योजना ग्रंथालयात, बागेत, कार्यालयात काम करणाऱ्या विद्यार्थ्याला मानधन देते आणि त्याचबरोबर त्याला संस्थेच्या कामात वाटा देते. आदिवासी विकास विभागाचे पांढरकवडा आणि पुसद येथील प्रकल्प, शासकीय वसतिगृहे, वसतिगृहात जागा न मिळालेल्यांसाठी स्वयं योजना, अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी स्वाधार योजना ही विद्यापीठाबाहेरची पण विद्यापीठाला टिकवून धरणारी चौकट. वसतिगृहाचा प्रवेश हुकला आणि शिक्षण सुटले, अशी उदाहरणे जिल्ह्यात जुनी नाहीत. म्हणून शिक्षणाच्या इतिहासात वसतिगृहाला वर्गाच्या बरोबरीचे स्थान द्यावे लागते.

मूल्यांकनाच्या व्यवस्थेनेही या नात्याची दखल घेतली आहे. १९९४ मध्ये स्थापन झालेली राष्ट्रीय मूल्यांकन व प्रत्यायन परिषद, म्हणजे नॅक, महाविद्यालयाला श्रेणी देताना एका पालक-प्राध्यापकामागे किती विद्यार्थी आहेत, हे तपासत आली आहे. त्यामुळे प्रत्येक शिक्षकाकडे ठरावीक विद्यार्थी सोपवून त्यांच्या अडचणींची नोंद ठेवण्याची पद्धत महाविद्यालयांत रुजली. नोंदवही नॅकसाठी लिहिली जाते की विद्यार्थ्यासाठी, यावर तिचे फळ अवलंबून राहते. जेथे शिक्षक गैरहजर विद्यार्थ्याच्या घरी फोन करतो, तेथे ती जिवंत असते.

गाडगे बाबांचे नाव

विद्यापीठाला ज्यांचे नाव आहे त्या संत गाडगे बाबांचा जन्म २३ फेब्रुवारी १८७६ रोजी अमरावती जिल्ह्यातील शेंडगावचा. २० डिसेंबर १९५६ रोजी वलगावजवळ पेढी नदीच्या काठी त्यांचे देहावसान झाले. अमरावतीत त्यांची समाधी आहे. शाळेचे शिक्षण त्यांच्या वाट्याला आले नाही. पंढरपूर, नाशिक, आळंदी येथे त्यांनी धर्मशाळा उभ्या केल्या आणि गरिबांच्या मुलामुलींना शिक्षणासाठी साहाय्य करणे हे आपल्या शिकवणुकीत अन्नवस्त्राच्या जोडीने सांगितले.

त्यांच्या कामाची रीत विद्यापीठाने ध्यानात घ्यावी अशी आहे. दिवसा हातात खराटा घेऊन गाव झाडायचे आणि रात्री त्याच गावात कीर्तन करायचे. राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिराचा दिवस नेमका याच क्रमाने जातो. त्यांच्या कीर्तनाला हजारोंचा समुदाय जमत असे, पण ते समुदायाला उद्देशून व्याख्यान देत नसत. ते श्रोत्यांना प्रश्न विचारत, उत्तर काढून घेत आणि त्या उत्तरावर पुढचा प्रश्न करत. कर्ज काढून सण का करता, मुलाला शाळेत का घालत नाही, हे प्रश्न समोरच्या प्रत्येकाला आपल्यालाच विचारल्यासारखे वाटत. समुदाय मोठा असला तरी माणूस गर्दीत हरवत नाही, जर बोलणारा त्याला विचारत असेल आणि ऐकत असेल, याचे वऱ्हाडातले सर्वांत मोठे उदाहरण विद्यापीठाच्या नावातच आहे.

विभाजन, विस्तार आणि इतर मार्ग

विद्यापीठ मोठे झाले की ते लहान करण्याचा एक उपाय म्हणजे विभाजन. महाराष्ट्राने तो वेळोवेळी केला. १९९० मध्ये जळगावचे, १९९४ मध्ये नांदेडचे, २००४ मध्ये एकाच जिल्ह्यासाठी सोलापूरचे आणि २०११ मध्ये चंद्रपूर व गडचिरोलीसाठी गोंडवाना विद्यापीठ स्थापन झाले. अमरावती विद्यापीठ स्वतः अशाच विभाजनातून जन्मलेले. विभाजनाने अंतर कमी होते. पण नव्या विद्यापीठाचीही महाविद्यालये वाढतात आणि काही दशकांत मूळ प्रश्न पुन्हा उभा राहतो.

दुसरा मार्ग विषयवार विद्यापीठांचा. १९९८ मध्ये नाशिकला महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ स्थापन झाले आणि यवतमाळच्या वैद्यकीय महाविद्यालयाचे विद्यार्थी अमरावतीऐवजी नाशिकशी जोडले गेले. अभ्यासक्रमात राज्यभर एकवाक्यता आली, पण विद्यापीठ आणखी लांब गेले. याउलट १ जुलै १९८९ रोजी स्थापन झालेल्या यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाने लांब असणे गृहीतच धरले आणि गावोगावी अभ्यासकेंद्रे काढली. नोकरी करणारे, शेती करणारे आणि लग्नानंतर शिक्षण सुटलेल्या स्त्रिया यांना त्याने दार उघडले. विद्यापीठ लाखोंचे असले तरी अभ्यासकेंद्रावरचा समंत्रक विद्यार्थ्याला ओळखत असावा, हे त्याच्या रचनेचे सूत्र आहे.

तिसरा मार्ग उपपरिसराचा. धाराशिव आणि लातूर येथे अनुक्रमे छत्रपती संभाजीनगर आणि नांदेड विद्यापीठांनी तो अवलंबला. मूळ विद्यापीठ न तोडता त्याचा एक हात दूरच्या जिल्ह्यात ठेवायचा, ही कल्पना यवतमाळसारख्या विस्तीर्ण जिल्ह्याला विशेष लागू पडते.

जगातही हाच शोध चालू आहे. अमेरिकेत कॅलिफोर्निया विद्यापीठाचा विस्तार अफाट झाला, तेव्हा त्याचे अध्यक्ष क्लार्क केर यांनी १९६३ मध्ये अशा विद्यापीठाला बहुविद्यापीठ असे नाव दिले. १९६५ मध्ये सांताक्रूझ येथे त्याच विद्यापीठाचा नवा परिसर उघडला तो वेगळ्या आखणीचा. तेथे प्रत्येक विद्यार्थी एका छोट्या निवासी महाविद्यालयाचा सदस्य असतो. वाढतानाही लहान वाटावे, हा त्यामागचा हेतू. ऑक्सफर्ड आणि केंब्रिज शतकानुशतके याच रीतीने चालत आली आहेत. तेथील विद्यार्थी स्वतःची ओळख आधी महाविद्यालयाच्या नावाने सांगतो. या सर्व उदाहरणांतला सामाईक धागा असा की, मोठ्या विद्यापीठाने आपलेपणा मध्यवर्ती कार्यालयातून निर्माण केलेला नाही. तो लहान घटकांकडे सोपवला आणि त्या घटकांना त्यासाठी माणसे व पैसा दिला.

वऱ्हाडात तो लहान घटक आयताच हाताशी आहे. तालुक्याच्या गावचे महाविद्यालय हेच ते. लंडनच्या नमुन्याने त्याला केवळ परीक्षेला बसणाऱ्यांचे शिकवणी केंद्र मानले होते. स्थानिक समाजाने त्याला वर्गणी दिली, जमीन दिली, गावातल्या थोरांची नावे दिली आणि ते आपले केले.

आजच्या अडचणी

या लहान घटकाचा कणा म्हणजे पूर्णवेळ शिक्षक. निवृत्त झालेल्या प्राध्यापकांच्या जागा वेळेवर भरल्या जात नाहीत आणि त्यांचे तास तासिका तत्त्वावरील शिक्षक घेतात. हे शिक्षक पात्रतेने कमी नाहीत. नेट, सेट आणि पीएच.डी. झालेले आहेत. पण त्यांना तासाप्रमाणे मानधन मिळते, नेमणूक त्या-त्या वर्षापुरती असते आणि अनेकांना एका दिवसात दोन गावांची महाविद्यालये करावी लागतात. तास संपला की त्यांना गाडी गाठायची असते. विद्यार्थ्याने अडचण सांगायची ती तास संपल्यावर, नेमक्या त्या वेळी शिक्षक तेथे नसतो. पालक-प्राध्यापक योजना, सेवा योजनेचे पथक, ग्रंथालयातील मार्गदर्शन यांपैकी कोणतीही गोष्ट अशा व्यवस्थेत तग धरत नाही.

दुसरी अडचण हजेरीची. केवळ परीक्षेपुरते महाविद्यालयात येणाऱ्या विद्यार्थ्यांची संख्या कला आणि वाणिज्य शाखांत लक्षणीय आहे. काहींना मजुरी करावी लागते, काही पुण्या-नागपुरात स्पर्धा परीक्षेच्या तयारीला गेलेले असतात. जो येतच नाही त्याच्याशी नाते जुळण्याचा प्रश्न उद्भवत नाही.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० ने संलग्नतेची पद्धत पंधरा वर्षांत टप्प्याटप्प्याने संपवून महाविद्यालयांना स्वायत्तता देण्याचे उद्दिष्ट ठेवले आहे. राज्यातील संलग्न महाविद्यालयांत २०२४-२५ या शैक्षणिक वर्षापासून नव्या धोरणाचे अभ्यासक्रम लागू झाले. त्यांत क्षेत्रीय प्रकल्प, समाजसहभाग आणि कार्यप्रशिक्षण यांना श्रेयांक आहेत. म्हणजे सेवा योजनेच्या शिबिरात जे घडत होते, त्याला आता अभ्यासक्रमात जागा मिळाली आहे. मात्र प्रत्येक विद्यार्थ्याचा प्रकल्प पाहायला, त्याच्याशी बोलायला शिक्षक हवा. शिक्षक नसेल तर प्रकल्प ही आणखी एक भरायची वही ठरेल. स्वायत्ततेचेही तसेच. अभ्यासक्रम आखण्याचा अधिकार मिळाला आणि तो आखणारी माणसे नसली, तर लहान महाविद्यालये दुबळी होतील आणि विद्यार्थी पुन्हा शहराची वाट धरतील.

निष्कर्ष

चार दशकांच्या वाटचालीतून निघणारे उत्तर स्पष्ट आहे. पाच जिल्ह्यांचे विद्यापीठ विद्यार्थ्याला आपले वाटू शकते आणि यवतमाळ जिल्ह्यातील कितीतरी विद्यार्थ्यांना ते वाटलेही आहे. सेवा योजनेच्या शिबिरात, युवा महोत्सवाच्या तालमीत, परीक्षेच्या खिडकीवर थांबून राहिलेल्या लिपिकामुळे आणि तासानंतर थांबलेल्या शिक्षकामुळे ते आपले झाले. ते परके वाटले तेही ठरावीक ठिकाणी: निकाल अडला तेव्हा, पत्राला उत्तर आले नाही तेव्हा आणि शिक्षकाची खुर्ची रिकामी राहिली तेव्हा.

त्यामुळे पुढच्या काळात तीन कामे अग्रक्रमाने व्हायला हवीत. यवतमाळ जिल्ह्यात, शक्य तर पुसद किंवा पांढरकवडा भागातही, विद्यापीठाचे असे सेवा केंद्र असावे की जेथे अडलेला निकाल आणि चुकलेली गुणपत्रिका अमरावतीला न जाता मार्गी लागेल. वसतिगृहांची क्षमता महाविद्यालयांच्या प्रवेशसंख्येशी जुळवून वाढवावी. आणि महाविद्यालयांतील रिक्त शिक्षकपदे कायम नेमणुकीने भरावीत. तिन्हींत हे शेवटचे काम पहिले. विद्यार्थ्याचे नाव, त्याचे गाव आणि त्याच्या घरची अडचण ज्याला ठाऊक आहे असा एक तरी शिक्षक प्रत्येकाच्या वाट्याला आला पाहिजे. ती माणसे नेमणे ही शासन, विद्यापीठ आणि संस्थाचालक या तिघांची सामाईक जबाबदारी आहे.